मोजू न देणारा फोन

फ्रीजमध्ये ठेवलेला फोन वाजतो, पण बाहेर ऐकू येत नाही. निदान फ्रीजचं दार नीट लागलेलं असताना आणि ओट्यावर मिक्सर चालू असताना तरी नाही. हे ज्ञान मला एका गुरुवारी सकाळी झालं. त्यासाठी मी बायकोचा सहा दिवसांचा नवा फोन दह्याचं भांडं आणि कोथिंबिरीची जुडी यांच्या मधोमध उभा करून ठेवला होता. चुकून नव्हे, मुद्दाम. विसरलो ते नंतर.

चाळीस मिनिटांनी कढीसाठी दही काढायला तिनं फ्रीज उघडला, तेव्हा मी नुकताच जिना चढून दारात आलो होतो. फोनला घाम फुटला होता. तिनं तो पदराला पुसला आणि पुसता पुसता थांबली. घामाखाली दोन मिस्ड कॉल होते, दोन्ही एकाच नंबरचे. नंबर तळेगावचा होता.

ते कॉल कशाचे होते हे कळल्याशिवाय माझ्या पराक्रमाची खोली कळणार नाही, म्हणून थोडं मागून सांगतो.

माझी बायको लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं शाळेत गणित शिकवायची. मग मुलगी झाली, मग माझ्या आईचं लांबलेलं आजारपण आलं, आणि शाळा सुटली ती सुटलीच. त्यानंतर आमच्या चिंचवडच्या दोन खोल्यांत, जेवणाच्या टेबलावर, ती सोसायटीतल्या मुलांच्या शिकवण्या घेत आली. यंदा मुलगी नोकरीसाठी बेंगळुरूला गेली. घर एवढं रिकामं झालं की भांडं पडलं तरी दोघं एकदम वळून बघायला लागलो. अशात तळेगाव दाभाड्याच्या एका शाळेतल्या गणिताच्या बाई वर्षाच्या मध्येच सोडून गेल्या. बायकोनं मला न सांगता तिथे अर्ज टाकला. मला सांगितलं असतं तर मी अर्जाच्या समासाची रुंदी तपासली असती, हे तिला माहीत होतं.

शाळेनं कळवलं, सोमवार ते गुरुवारच्या दरम्यान फोन करू, पाठ कधी घ्यायचा ते सांगू. म्हणजे वर्गात उभं राहून शिकवून दाखवायचं, मुख्याध्यापिका मागे बसून बघणार. सत्तेचाळिसाव्या वर्षी. तिचा जुना फोन असा झाला होता की पलीकडचं तिला ऐकू येई, तिचं पलीकडे जात नसे. त्यामुळे नवा फोन घ्यायचा ठरला. त्या फोननं चार दिवसांत एकच काम करायचं होतं. वाजायचं.

शुक्रवारी शिफ्ट सुटल्यावर आम्ही पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानात गेलो. बाजारात नुकतंच आलेलं मॉडेल होतं. दुकानदारानं फोन काढून तिच्या हातात दिला. तिनं वजन पाहिलं, मागे-पुढे फिरवला, आणि तिचं झालं. माझं व्हायचं होतं. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मी इनकमिंगला आहे, म्हणजे बाहेरून येणारा माल आत घेण्याआधी मोजून बघतो. सव्वीस वर्षं मी हेच करतोय. मुलगी तान्ही असताना मी तिच्या वजनाचा आलेख काढून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला होता, आणि एका आठवड्यात रेघ खाली आली म्हणून तिच्या आजीकडे खुलासा मागितला होता. तेव्हा फोन न मोजता घ्यायचा, हे माझ्याच्यानं होणारं नव्हतं.

फोनची ताकद मोजणारं एक ॲप असतं. ते फोनला पाच-दहा मिनिटं पळवतं, अवघड गणितं घालतं, भरभर चित्रं फिरवायला लावतं आणि शेवटी एक आकडा देतं. मी दुकानदाराला म्हटलं, हे ॲप यात टाका, आकडा बघू आणि पैसे देऊ. त्यानं प्रयत्न केला. पडद्यावर आलं की हे ॲप या फोनसाठी उपलब्ध नाही. शेजारच्या जुन्या मॉडेलवर तेच ॲप एका मिनिटात बसलं.

"काका, मॉडेल नवीन आहे ना," दुकानदार म्हणाला. "कंपनीनंच टेस्टिंगवाले ॲप सध्या बंद ठेवलेत. होतील चालू थोड्या दिवसांनी."

"का बंद ठेवलेत?"

"ते आम्हाला कुठं सांगतात."

माझ्या कानात काहीतरी वाजलं. आमच्याकडे पूर्वी एक स्प्रिंगवाला माल पाठवायचा, आणि प्रत्येक खोक्यावर लिहायचा की दमट हवेमुळे खोकं उघडू नये. खोकं न उघडता स्प्रिंग कशी मोजणार, हे त्यानं लिहिलेलं नसे. पहिल्याच दिवशी मी ती सगळी खोकी उघडली आणि अर्ध्याहून जास्त मालाला लाल चिठ्ठी लावून परत पाठवला. तेव्हापासून जो मोजू देत नाही त्याला मी आधी मोजतो. हे मी दुकानदाराला सविस्तर सांगत होतो. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती.

बायकोनं माझं बोलणं मधेच कापलं. "भाऊ, याच्यावर एक फोन लावा बरं."

त्यानं लावला. फोन खणखणीत वाजला.

"वाजतो," ती म्हणाली. "घेऊ या."

फोन घरी आला आणि माझा डोळा लागेना. म्हणजे झोप लागली, पण डोक्यात दुकानातल्या पडद्यावरचं ते वाक्य बसून राहिलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी हा विषय काढला. चाकणच्या चौकात बस नेहमीप्रमाणे अर्धा तास उभी होती आणि कुणाला उतरून जाता येत नव्हतं, त्यामुळे श्रोते चांगले मिळाले. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारा एक सहकारी आहे, मूळचा लातूरकडचा, फोनचा भारी नाद असलेला. त्यानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काय करायलाव राव तुम्ही," तो म्हणाला. "फोन घेतलाय का लॉट उतरवून घेतलाय?"

मग त्यानंच समजावलं. नवा फोन बाजारात येतो तेव्हा यूट्यूबवर बोलणारे लोक पहिल्याच दिवशी आकडे जाहीर करतात. आतलं सॉफ्टवेअर तोवर पुरतं बसलेलं नसतं, आकडा कमी आला की बोंब होते, म्हणून काही कंपन्या सुरुवातीला मोजायची सोयच बंद करतात. काही फोन तर याहून हुशार. मोजणारं ॲप आलं की ते ओळखतात, तेवढ्यापुरते जीव तोडून पळतात, आणि ॲप गेलं की परत आपल्या चालीनं.

हे मी संध्याकाळी बायकोला सांगितलं, तेव्हा तिला अजिबात नवल वाटलं नाही. ती म्हणाली, तिच्या पहिल्या शाळेत तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी हुशार मुलं पुढच्या बाकावर बसवायचे, आणि गुणाकार चुकणाऱ्या एका मुलाला मैदानावर झाडांना पाणी घालायला पाठवायचे. झाडं दोन होती. तो दुपारपर्यंत पाणी घालायचा.

मी तिला आमच्या कंपनीबद्दल सांगितलं नाही. गिऱ्हाईक कंपनीचे लोक पाहणीला येणार असले की आदल्या दिवशी आम्ही जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्यानं रंगवतो. मोजमापं तीच असतात, पण पट्टे ताजे. पट्टे सुकेपर्यंत कुणी त्यांवरून चालू नये म्हणून मी स्वतः तिथे उभा राहिलेलो आहे.

रविवारी संध्याकाळी तिनं पाठाची तयारी सुरू केली. विषय अपूर्णांक. वर्तमानपत्राची एक लांब पट्टी घ्यायची, दुमडायची, अर्धा, पाव, आठवा भाग दाखवायचा. तिनं मला समोर बसवलं आणि म्हणाली, तुम्ही पाचवीतली मुलं आहात असं समजा. मी समजलो. पण हात रिकामे ठेवून बसायची सवय नाही. माझ्या बॅगेत कंपनीतले काही कोरे कागद होते, एक काढला. फोनवर स्टॉपवॉच लावलं. तिनं ते पाहिलं आणि पट्टी उचलली. इथेच मला थांबायला हवं होतं.

अठरा मिनिटांचा पाठ झाला. चांगला झाला असावा. 'असावा' म्हणतो, कारण मी ऐकत नव्हतो, मोजत होतो. संपल्यावर मी तिला कागद दिला. वर 'निरीक्षणे' असं लिहून खाली क्रमांक घातले होते. फळ्याकडे पाठ किती वेळ होती, आवाज कुठे पडला, दुमडताना पट्टी किती वेळा वाकडी झाली. सातव्या क्रमांकाला होतं: 'समजलं का' हे शब्द तेवीस वेळा आले. कागदाच्या एका बाजूला सगळं मावलं नाही म्हणून मागेही लिहिलं. शेवटी, सवयीनं, सही केली आणि तारीख टाकली.

तिनं कागद दोन्ही बाजूंनी वाचला. मग दुमडला, आणखी एकदा दुमडला, आणखी एकदा.

"आठवा भाग," ती म्हणाली, आणि तो पर्समध्ये टाकून आत गेली.

सोमवारपासून ती बेडरूमचं दार लावून पाठ घ्यायला लागली. मी दाराबाहेर उभा राहिलो की आतला आवाज बंद व्हायचा. मी हटलो की परत सुरू. तिला कसं कळायचं, देव जाणे. मी एकदा चप्पल काढून, श्वास रोखून गेलो तरी कळलं. एका घरात दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही मला मोजू देत नव्हत्या. मी जेवताना उठायचो, पाणी प्यायचो, परत बसायचो. तीसुद्धा धड बसत नव्हती. फोन सतत तिच्याजवळ. न्हाणीघरात जाताना खिडकीत, भाजीला जाताना मुठीत. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारही गेला. दर तासाला ती आवाज पूर्ण आहे ना ते तपासायची. मी शिफ्टवरून फोन करून विचारायचो, आला का. ती म्हणायची, तुम्ही लाइन अडवू नका.

बुधवारी सहकाऱ्यानं मला एक फाइल पाठवली. तेच ॲप, फक्त नाव आणि चित्र बदललेलं, त्यामुळे फोनला ओळखू येत नाही, असं त्याचं म्हणणं. आणि गुरुवार म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांची सुट्टी. यंत्रं बंद, रस्ते मोकळे, आणि माझ्यासारखी माणसं घरात.

सकाळी साडेदहाला बायको चटणीचं वाटत होती. फोन टेबलावर होता. मी तिला विचारलं, पाच मिनिटं घेऊ का. ती म्हणाली, इथेच बसून घ्या, वाजला तर हाक मारा. मी हो म्हटलं. फाइल टाकली, बसली. जीव सुपाएवढा झाला. चाचणी सुरू केली. निम्म्यावर गेल्यावर फोन तापला आणि चाचणी आपली आपण थांबली. मी सहकाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा की. समदे यूट्यूबवाले तेच करतात."

मी ठेवला. दहाच मिनिटं. तेवढ्यात बायकोनं आतून सांगितलं, नारळ घेऊन या. मी खाली गेलो. नारळ घेतला. परत येताना जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी भेटले, आणि त्यांना विचारण्याची दुर्बुद्धी झाली की तुम्हाला माहीत आहे का, हल्ली फोन कंपन्या आपल्याला फोन मोजू देत नाहीत. त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. स्प्रिंगवाल्यापासून सांगितलं. लोक माहिती लपवतात आणि गिऱ्हाईक बिचारं अंधारात राहतं, यावर मी चांगला अर्धा तास बोललो. वर, अंधारात, दह्याशेजारी, फोन वाजत होता.

बायको आरडाओरडा करणारी नाही. तिनं तो नंबर लावला. रिंग गेली, कुणी उचललं नाही. पाच मिनिटांनी पुन्हा लावला. मग पुन्हा. मी नारळ हातात धरून उभा होतो. ती ओरडली असती तर मी नारळ तरी खाली ठेवला असता.

"आज शेवटचा दिवस," ती म्हणाली, फ्रीजकडे बघत.

मी सांगायला गेलो की फोन गरम होत होता, आणि चाचणीला तापमान महत्त्वाचं असतं. तिनं मिक्सरचं भांडं धुऊन पालथं घातलं, केस बांधले, चपला घातल्या.

"तुम्ही गाडी काढा," ती म्हणाली.

देहूरोड मागे पडलं. सोमाटणे फाट्यावर सिग्नल लागला तेव्हा मी मागे वळून म्हटलं, मी सांगतो त्यांना, चूक माझी आहे. ती म्हणाली, "काय सांगणार? दह्यात होता?" पुढे सिग्नल हिरवा झालेला मला दिसला नाही. मागच्या टेम्पोवाल्यानं तो हॉर्न वाजवून दाखवला.

शाळा सकाळची, त्यात गुरुवारी अर्ध्या दिवसाची होती, सुटून गेली होती. ऑफिसात फक्त एक वयस्क कारकून कपाट लावत होते, तळेगावातलेच असावेत. बायकोनं नाव सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"दोनदा लावला व्हता ताई. वाजतोय, वाजतोय, उचलतंय कोन."

"फोन दुसऱ्या खोलीत होता," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. तिनं माझ्या चपलेवर आपली चप्पल ठेवली.

"बाई म्हनल्या, उचलला न्हाई तर नाव खोडा. दुसऱ्या एक ताई हायेत, त्यांना उद्या साडेधाचं दिलंय."

"खोडलं का?" तिचा आवाज एवढा बारीक मी लग्नातही ऐकला नव्हता.

"न्हाई अजून. पेन सापडंना."

त्यांच्या खिशाला दोन पेनं होती. ती मी पाहिली, बायकोनं पाहिली, आणि त्यांनीही पाहिलं की आम्ही पाहिली. ते म्हणाले, बाईंशी तुमीच बोला, आणि एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. त्यांतल्याच एका पेनानं.

बायकोनं तिथेच उभं राहून फोन लावला. मी त्या फोनकडे बघत होतो. आत ओल गेली असेल, माइक गेला असेल, तिचा आवाज पलीकडे पोचणार नाही, जुन्या फोनसारखं होईल. सव्वीस वर्षांत कुठल्याही मालाकडे मी असा बघितलेला नाही. ती म्हणाली, हॅलो. पलीकडून हॅलो आलं. ती म्हणाली, माझा आवाज येतोय का. मी तीन पावलांवर होतो, तरी मुख्याध्यापिकांचं उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं. येतोय, म्हणाल्या. मग जरा थांबून, उद्या साडेबाराला या, सगळ्यांत शेवटी.

सगळ्यांत शेवटी म्हणजे मधल्या वेळची भूक डोक्यावरून गेलेली, दप्तरं भरून बसलेली मुलं. बाहेर आल्यावर मी ते बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे वर्ग कसा असतो." तेवढंच.

शुक्रवारी मी पहिली शिफ्ट बदलून दुसरी घेतली आणि तिला सोडायला गेलो. निघायची इतकी घाई मी केली की आम्ही पाऊण तास आधी पोचलो. आत जाताना तिनं फोन माझ्याकडे दिला. "वाजला तर उचला," म्हणाली.

समोर वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर मी बसलो. शाळेच्या पुढच्या भिंतीला चौदा खिडक्या होत्या, त्यांतल्या दोन फुटक्या काचांच्या. फाटकाच्या गजांमध्ये एक गज वाकडा होता, आणि गजांमधलं अंतर सारखं नव्हतं. साडेबारा झाले. पाच मिनिटं तरी झाली असतील म्हणून पुन्हा पाहिलं तर बारा बत्तीस झाले होते. हातात फोन होता आणि हात मोकळे होते, तेव्हा साहजिकच मी ते ॲप उघडलं. उघडलं नाही. रात्री कधीतरी फोननं आपलं सॉफ्टवेअर बदलून घेतलं होतं आणि आता त्यानं वेष बदललेल्या ॲपलाही ओळखलं होतं. पडद्यावर तेच वाक्य आलं. मला राग यायला हवा होता. पण त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीतून सगळा वर्ग मोठ्यानं हसला, आणि मी उठून उभा राहिलो.

ती खिडकी तिच्या वर्गाची आहे हे मला माहीत नव्हतं, पण मी ठरवून टाकलं. मुलं बाईंवर हसतात तेव्हा काय होतं हे मला माहीत आहे, मुलगा असताना मी ते केलेलं आहे. मी त्या खिडकीकडे बघत राहिलो. मग बराच वेळ काही नाही, आणि एकदम पुन्हा हसले. दुकानदार म्हणाला, बसा की. मी बसलो आणि परत उठलो. चार दिवस ती दार लावून काय शिकवत होती, हे मी एकदाही ऐकलं नव्हतं, तिनं ऐकू दिलं नव्हतं, आणि त्याला कारण माझी सही असलेला एक कागद होता.

सव्वा वाजता ती फाटकातून बाहेर आली. चेहऱ्यावरून मला काही वाचता येईना. गाडीवर बसली, म्हणाली चला. सोमाटण्याच्या अलीकडे उसाच्या रसाचं एक गुऱ्हाळ आहे, तिथे तिनं थांबायला सांगितलं. दोन ग्लास रस समोर आल्यावर तिनं सांगायला सुरुवात केली.

माझ्या घाईत वर्तमानपत्राची पट्टी घरी टेबलावर राहिली होती. वर्गात उभं राहिल्यावर तिला कळलं. मागे मुख्याध्यापिका वही घेऊन बसलेल्या. तिनं पर्समध्ये हात घातला, आणि हाताला माझा कागद लागला, आठपदरी दुमडलेला. तिनं तोच काढला, पहिल्या बाकावरच्या एका मुलीला दिला आणि म्हणाली, उलगड, आणि सांग किती भाग झाले. मुलीनं उलगडला. दोन्ही बाजूंनी लिहिलेला असल्यामुळे कसाही धरला तरी अक्षर तिच्याकडेच. भाग मोजायच्या ऐवजी तिनं मोठ्यानं वाचलं: 'समजलं का' हे शब्द तेवीस वेळा आले.

पहिलं हसू ते.

"मग?" मी विचारलं. माझा रस तसाच होता.

मग तिनं वर्गाला सांगितलं की हे माझ्या घरच्या एका साहेबांनी मोजलंय. आज तुम्ही मोजा, बघू किती होतात. तिथून पुढे भुकेली, दप्तरं भरलेली ती चाळीस मुलं कान टवकारून बसली, एक शब्द सुटू नये म्हणून. ती 'समजलं का' म्हणाली की बोटं वर जायची. अपूर्णांक त्यांच्या कानांवरून आपोआप गेले. शेवटी तिनं विचारलं तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली एकतीस. मागून मुख्याध्यापिका म्हणाल्या, माझे एकोणतीस झाले. दुसरं हसू ते.

मी म्हणणार होतो की दोन मोजणाऱ्यांत दोनाचा फरक म्हणजे दोघींनी एकाच ठिकाणाहून मोजायला सुरुवात केली नसावी. पण नाही म्हणालो. मी विचारलं, आणि नोकरी?

"सोमवारपासून," ती म्हणाली, आणि माझा न प्यायलेला रस उचलून प्यायली.

घरी आल्यावर मी दुसऱ्या शिफ्टसाठी डबा भरत होतो. तिनं फोन चार्जिंगला लावला, पर्समधून तो कागद काढला, टेबलावर हातानं सपाट केला. त्यावर आता मुलांच्या बोटांचे डाग होते आणि एका कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलनं पाव भाग रंगवला होता. तिनं तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मला वाटलं, आता काय ते ऐकावं लागणार.

"पुढच्या वेळी रिपोर्ट लिहाल तेव्हा एकाच बाजूला लिहा," ती म्हणाली. "मागची बाजू मला वर्गात लागते."